एक्क्याऐंशी

त्याला आम्ही एक्क्याऐंशी म्हणतो. जन्मसाल म्हणावं, तर तो जन्मला १९८३ साली. वय म्हणावं, तर अजून पंचेचाळिशी गाठायची आहे. १९८१ हे त्याच्या हिशेबानं जगातलं शेवटचं सरळ वर्ष. त्या वर्षी अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची एक आवृत्ती निघाली. टॉम मोल्डव्हे या गृहस्थानं संपादलेली चौसष्ट पानांची एक पुस्तिका आणि डेव्हिड कुकनं केलेली तेवढ्याच पानांची दुसरी. एकूण पानं १२८. त्यांच्या आधी छापलं ते कच्चं आणि नंतर छापलं ते नासलेलं, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. आपण शंका काढली, तर तो पान क्रमांक सांगतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-सहा माणसं गोल करून बसतात. एकाजवळ नकाशा असतो. तो बाकीच्यांना दाखवायचा नसतो. बाकीचे एकेक सोंग घेतात, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. नकाशावाला सांगतो, ‘समोर दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय.’ मग प्रत्येकानं आपण काय करतो ते बोलायचं आणि बोलून निकाल लागेना तिथे फासे टाकायचे. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. हे ऐकलं की आपल्याकडच्या निम्म्या लोकांचा रस तिथेच संपतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४च्या जानेवारीत विकायला निघाला तेव्हा पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या होत्या आणि पुस्तिका खोक्यांत भरायचं काम हातानंच चाले. पुढे कंपनी वाढली, भांडली, १९९७ साली दुसऱ्या कंपनीला विकली गेली. १९७७, १९८१, १९८३, १९८९, २०००, २००३, २००८, २०१४ असे नियम बदलत गेले, आणि दर बदलाला कुठे ना कुठे एक माणूस ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून मागे बसून राहिला.

आमचा हा टोकावड्याला बसला आहे. म्हणजे शनिवार-रविवार. सोमवार ते शुक्रवार तो ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत असतो आणि तिथे त्याचं काम काय, तर नवी आवृत्ती बाजारात जाण्याआधी तपासून ती चांगली आहे असं लिहून देणं. पाच दिवस हे पाप केल्यावर शनिवारी पहाटे तो कल्याणहून मुरबाडचा रस्ता धरतो. टोकावड्याला त्याच्या आजोबांचं कौलारू घर आहे, पुढे पडवी, मागे वाडा, आणि पावसाळ्यात दारातून सह्याद्रीची अख्खी भिंत दिसते. दिसते म्हणजे, ज्याला बाहेर बघायची परवानगी असेल त्याला. माळशेजचे धबधबे बघायला म्हणून कल्याण-डोंबिवलीहून निघालेली कितीतरी माणसं त्यानं ‘जरा चहा घेऊन पुढे जाऊ’ म्हणून या पडवीत उतरवली आहेत आणि संध्याकाळपर्यंत चौकटीच्या कागदावर भुयारांचे नकाशे काढायला लावली आहेत. धबधबे तिथून फार लांब नाहीत. आमच्यातल्या काहींनी ते अजून पाहिलेले नाहीत.

त्याची ती मूळ पेटी मात्र पाहिलेली आहे. परदेशातून, वापरलेली, तिसऱ्या की चौथ्या मालकाकडून आलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला कुणा अमेरिकन पोरानं पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं आहे. आमच्या एका मित्राने ते खोडरबरानं पुसून द्यायची तयारी दाखवली, तर हा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. त्या पोराबद्दल हा इतक्या मायेनं बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं एका बाकावर बसत होते. बाहेर बर्फ पडतंय, तळघरात पिवळा दिवा आहे, वरून आई जेवायला हाका मारतेय आणि खाली चार मुलं ड्रॅगनसमोर उभी आहेत. हे वर्णन करताना त्याचा गळा दाटून येतो.

आता खरी गोष्ट अशी की त्या वयात हा टोकावड्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत विटीदांडू खेळत होता. बर्फ त्यानं गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता. हा खेळ त्याला भेटला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात, तोही २००३च्या आवृत्तीची झेरॉक्स म्हणून, आणि त्या झेरॉक्सवर तो तीन वर्षं अतिशय आनंदानं खेळला. हे मी आठवण करून दिलं की तो चेहरा पाडून म्हणतो, ‘अज्ञान होतं.’

“पण तुझ्या लहानपणी इथे वीस अंगांचा फासा तरी कुणी पाहिला होता का?” मी एकदा विचारलं.

“म्हणूनच तर!” तो म्हणाला.

या उत्तरावर पुढे काही बोलता येत नाही. आणि ही माणसं आपल्याला नवी कुठे आहेत? बालगंधर्व १९६७ साली गेले. त्यांना रंगभूमीवर प्रत्यक्ष पाहिलेली माणसं त्यांच्याविषयी बोलताना कधी हसतात, कधी एखादी कुरबुरही करतात. डोळे मिटून मान हलवतात ते त्यानंतर जन्मलेले. स्वतःच्या लहानपणात निदान मार बसलेला आठवतो, शाळा आठवते. दुसऱ्याच्या लहानपणात कसं, सगळी संध्याकाळच असते.

नियमांच्या बाबतीत हा सोवळ्यातला आहे. १९८१च्या आवृत्तीत चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा लहान. उघडा माणूस नऊ, पोलादात गुंडाळलेला तीन. नवशिक्याला हे उलटं वाटतं म्हणून २००० साली ते सुलट करण्यात आलं. एक्क्याऐंशीच्या मते पडझडीला सुरुवात तिथून. ‘ज्याला वजाबाकी येत नाही त्यानं भुयारात उतरूच नये.’ मशाल सहा फेऱ्या जळते, एक फेरी दहा मिनिटांची, म्हणजे तासाला एक मशाल. तिचा हिशेब तो वहीत रेघा मारून ठेवतो. टोकावड्याला पावसाळी वाऱ्यात वीज गेली की आम्ही मोबाइलचे दिवे लावतो आणि हा थंडपणे विचारतो, “मशाल कोणाकडे होती?” दर दोन फेऱ्यांनी तो स्वतःशी एक फासा टाकतो. एक पडला तर भटकं संकट येतं. अंगणात शेजाऱ्यांची म्हैस शिरली तेव्हाही त्यानं आधी फासा बघितला होता.

फाशांची गोष्ट वेगळीच. त्या काळच्या पेटीत फाशांबरोबर मेणाचा खडू येत असे; आकड्यांच्या खाचांत तो आपणच घासून भरायचा. हल्लीचे फासे रंगवूनच मिळतात. हा नवे फासे विकत आणतो, टाचणीनं त्यांच्यावरचा पांढरा रंग खरवडून काढतो आणि मग त्याच खाचांत खडू भरतो. याला एका फाशामागे अर्धा दिवस जातो. १९७९च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला होता म्हणून कंपनीनं पेटीत पुठ्ठ्याचे आकडे घातले होते, पेल्यातून काढायला. ते कळल्यावर यानं घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून तसेच आकडे केले. तुटवडा आता कसलाही नाही. तरी वर्षातून एक डाव आम्ही तुटवडा पाळतो.

वहिनींचा या सगळ्याला पाठिंबा आहे हे ऐकून लोकांना नवल वाटतं. कारण सोपं आहे. १९८१च्या नियमांत जादूगाराला सुरुवातीला एक ते चार जीव असतात, किती ते फासा ठरवतो. शून्य झाले की मेला, अपील नाही. मंत्र एकच, तोही एकदा म्हटला की दिवसभरासाठी डोक्यातून पुसला जातो. त्यामुळे माणसं पटापट मरतात. आणि टोकावड्याच्या पडवीतला अलिखित नियम असा की जो मरेल त्यानं आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकायचा. माझा जादूगार एक जीव घेऊन जन्माला येतो आणि पहिल्या खड्ड्यात पडतो. त्यामुळे त्या घरात साखरेचा डबा कुठे, आलं कुठे, हे मला घरच्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. “नव्या आवृत्तीत कोणी लवकर मरतच नाही म्हणे,” वहिनी म्हणतात, “मग चहा कोण करणार?”

घरात एक फितुरी मात्र आहेच. मुलगी नववीत आहे आणि मैत्रिणींबरोबर पाचवी आवृत्ती खेळते. तिच्या पात्राला शिंगं आहेत, जांभळी कातडी आहे आणि अकरा पानांचा पूर्वेतिहास आहे. एक्क्याऐंशीनं ती अकरा पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, “आमच्या काळी पात्राला पूर्वेतिहास नसायचा. तीन लढायांतून वाचला की तोच इतिहास.” मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या काळी तुम्ही नव्हता.” मला विचाराल तर पाचवी आवृत्ती बरीच सुटसुटीत आहे, पण हे वाक्य मी मुरबाडच्या पुढे गेल्यावर उच्चारत नाही.

जुनी पुस्तकं मिळेनाशी झाली तेव्हा जगभरच्या या जातीच्या माणसांनी एक युक्ती काढली. खेळ कसा खेळायचा या पद्धतीवर लेखाधिकार चालत नाही, तो चालतो लिहिलेल्या मजकुरावर. पुरणपोळी कोणीही लाटावी, फक्त दुसऱ्याच्या पुस्तकातली वाक्यं उचलू नयेत. त्यात २००० साली कंपनीनं स्वतःच नियमांचा बराचसा भाग खुल्या परवान्यावर सोडला होता, नव्या आवृत्तीला साथ मिळावी म्हणून. चाहत्यांनी तो परवाना घेतला आणि त्याच्या आधारानं जुनीच आवृत्ती पुन्हा लिहून काढली. २००६ साली ‘ओस्रिक’ आलं, २००७ साली ‘लॅबिरिन्थ लॉर्ड’, आणि २०१९ साली गॅव्हिन नॉर्मनचं ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’, जे थेट १९८१चंच नवं रूप आहे आणि मांडणीनं मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी नेटकं आहे. एक्क्याऐंशीची तक्रार नेमकी हीच. ‘सगळं पटकन सापडतं. शोधताना दुसरंच काही सापडायचं, ते गेलं.’ शिवाय त्यात चिलखताचा सुलटा आकडाही ज्याला हवा त्याच्यासाठी कंसात दिलेला आहे. कंस पाहून त्यानं पुस्तक मिटलं.

मग त्यानं स्वतःचं लिहायला घेतलं, मराठीत, हातानं, ‘भुयारं आणि भुजंग’ या नावानं. पोरांना इंग्रजी वाचायचा कंटाळा म्हणून, असं तो सांगतो. मुरबाडला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात ते टाइप करायला दिलं. दुकानातल्या मुलानं सवयीनं पहिल्या पानावर गणपती घातला आणि शेवटच्या पानावर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’. एक्क्याऐंशीनं दोन्ही ठेवलं. चाळीस प्रती झेरॉक्स झाल्या.

त्यात सोबत एक मोहीमही होती, नाणेघाटाची. ही त्याची खरी बुद्धीची गोष्ट, मानलंच पाहिजे. १९८१च्या नियमांत राक्षस मारून फारसा अनुभव मिळत नाही. अनुभव मिळतो तो सोनं बाहेर आणल्यावर, एका मोहरेला एक गुण. आणि ओझंही मोहरांतच मोजायचं, दहा मोहरांचा एक पौंड. आता टोकावड्यावरून पुढे वैशाखऱ्याला गेलं की सातवाहनांचा हा घाट चढायला लागतो. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे आणि त्या लेखात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं यांची आकड्यांनिशी मोजदाद आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यातून काय काय काढलं. यानं तो वाचला आणि म्हणाला, “ही खजिन्याची यादी आहे. फक्त पहारा कोण देतंय ते लिहायचं राहिलंय.” ते त्यानं लिहिलं. रांजण भरून कार्षापणं खाली उतरवायची, तर किती खेपा, किती मशाली, किती हमाल, याचं गणित सोडवताना आमची दिवाळीची सुट्टी गेली. शेजारचं धसई गाव नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६मध्ये, राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून पेपरांत गाजलं होतं. त्या पंचक्रोशीत आम्ही नाण्यांचं वजन करत बसलो होतो.

गावातली पोरं आधी खिडकीतून बघायची. मग उंबऱ्यावर आली, मग आत. चोराचा तक्ता त्यांना फार आवडला. पहिल्या पायरीवरच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता शंभरात पंधरा आणि उभा कडा चढण्याची सत्त्याऐंशी. शहरातल्या खेळाडूंना हे हास्यास्पद वाटतं. मोरोशीचा भैरवगड रोज बघणाऱ्या पोरांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. कुलपाबद्दल एकजण म्हणाला, “आमच्याकडं कुलपं असतात कुठं? शिकणार कशावर?”

आणि पोरांच्या मागून एकदा तात्या आले. तात्या सत्तरीच्या पुढचे, मूळचे मोखाड्याकडचे, आणि तरुणपणी बोहाड्यात त्राटिका नाचलेले. बोहाडा म्हणजे तिकडच्या डोंगरपट्ट्यातला सोंगांचा उत्सव. संबळाच्या तालावर मुखवटे चढवून गावातलीच माणसं रात्र-रात्र देव आणि राक्षस होतात. सुरुवात गणपतीनं, शेवट महिषासुराच्या वधानं. एक्क्याऐंशीनं तात्यांना नियम समजावून सांगायला घेतले. पुजाऱ्याच्या पात्राला त्यानं मराठीत भगत केलं होतं, आणि १९८१च्या आवृत्तीत त्याला पहिल्या पायरीवर एकही मंत्र नसतो.

“एकबी नाय?” तात्या म्हणाले.

“एकही नाही. दुसऱ्या पायरीला एक मिळतो.”

“मंग लोकं त्याच्याकडं जातात कशाला?”

गेल्या चाळीस वर्षांत जगभरच्या खेळाडूंनी हा प्रश्न विचारलेला आहे आणि त्याला उत्तर नाही. एक्क्याऐंशी म्हणाला, “पुस्तकात तसंच आहे, तात्या.” हे मात्र तात्यांना एकदम पटलं. बोहाड्यातही आता विजेचे दिवे आले, कर्णे आले, मुखवटे हलके झाले. टेंभ्याच्या उजेडात जड मुखवटा घेऊन नाचायची गंमत गेली, हे ते अर्धा तास सांगत होते आणि हा तोंड उघडं टाकून ऐकत होता. दोन माणसांचं इतकं एकमत मी टोकावड्याच्या ग्रामसभेतही पाहिलेलं नाही.

खेळ सुरू झाल्यावर भुयाराच्या तोंडाशी तीन बुटबैंगण भाले घेऊन आडवे आले. आम्ही तलवारी काढल्या. तात्या उठून उभे राहिले, पदर असल्यासारखा खोचला आणि पुढच्या बुटबैंगणाला दरडावून म्हणाले, “कुठला रं तू? कोणाच्यातला?”

नकाशावाल्याला उत्तर देणं भाग असतं. एक्क्याऐंशी चाचरत म्हणाला, “या... या डोंगरातलाच.”

“बाप काय करतो?”

जुन्या नियमांत शत्रू भेटला की तो लढेल की बोलेल हे दोन फाशांवर ठरतं. त्यानं थरथरत्या हातानं ते टाकले. दोन्ही सहा पडले, बारा, म्हणजे जिवाभावाची मैत्री. दिवेलागणीपर्यंत त्या बुटबैंगणाचं मामाचं गाव निघालं, त्याची बहीण कुठे दिली आहे ते कळलं, आणि खजिन्याचा रस्ता त्यानं आपणहून दाखवला. एकही वार झाला नाही. कोणी मेलं नाही म्हणून चहाही झाला नाही. एक्क्याऐंशी रात्रभर झोपला नाही. “नव्या आवृत्तीत हे झालं असतं का?” असं त्यानं मला दोनदा उठवून विचारलं. तात्या कुठल्याही आवृत्तीत तात्याच राहिले असते, असं मला वाटतं, पण मी कूस बदलली.

चाळीस प्रती संपल्या. गेल्या उन्हाळ्यात त्यानं दुसरी छपाई केली आणि तिच्यात एक दुरुस्ती केली. पहिल्या वेळी दुकानातल्या मुलानं त्याच्या हस्ताक्षरातला ६ हा ९ वाचला होता, त्यामुळे मशाल सहाऐवजी नऊ फेऱ्या जळत होती. मूळ ग्रंथाशी झालेली ही प्रतारणा वर्षभर त्याला खात होती. नव्या प्रती घेऊन तो पडवीत आला, पोरं जमली, भुयारात उतरली, आणि सातव्या फेरीला त्यानं जाहीर केलं, “मशाल विझली.”

“विझंल कशी?” पाचवीतला एक पोरगा म्हणाला. “नऊ फेऱ्या असती.”

“ती छपाईची चूक होती, बाळा. मुळात सहाच. हे बघ, सुधारलंय.”

पोरानं नवी प्रत हातात घेतली, उलटसुलट केली, गणपतीचं पान बघितलं आणि खाली ठेवली. मग दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कोपरे दुमडलेली पहिली झेरॉक्स काढली. “आम्ही ह्याच्यावरच खेळणार,” तो म्हणाला. “नव्यात काय दम नाय, काका. पयल्यासारखी मजाच नाय ऱ्हायली.” बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या दप्तरात पहिलीच प्रत होती. ‘पयलं’ म्हणजे दोन उन्हाळ्यांपूर्वीचं.

एक्क्याऐंशीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि वहीतल्या मशालीच्या सहा रेघांपुढे आणखी तीन मारल्या. संध्याकाळी पोरं पांगल्यावर त्यानं त्या मुलाला मागे थांबवून घेतलं. त्याची स्वतःची पहिली प्रत त्यानं दुरुस्ती करताना रद्दीत घातली होती. या मुलाकडे दोन असल्याचं त्याला कळलं होतं. शंभरापासून सुरुवात झाली. पोरगा अडीचशेच्या खाली यायला तयार नव्हता.